मदत हवी आहे : मानसिक आजार असलेल्या भावाला रुग्णवाहिकेतून नेताना कर्मचाऱ्यांकडून कोणती काळजी अपेक्षित असते?

खाडीकाठ :

मानसिक आजाराच्या रुग्णाला हलवताना रुग्णवाहिकेतील कर्मचाऱ्यांनी कसे वागायचे असते आणि घरच्यांनी त्यांच्याकडे काय मागायचे, हे या कामाचा अनुभव असलेल्या कोणी सांगितल्यास फार उपकार होतील. माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. आमचे गाव राजापूर तालुक्यात खाडीलगत आहे आणि दाखल करण्याची वेळ आली, तर रत्नागिरी गाठावी लागते. गोळ्या नियमित असतात तेव्हा तो कलमांच्या बागेत दिवसभर राबतो. त्या सुटल्या की त्याची झोप उडते आणि जेवणात कोणी विष घालत आहे असे वाटून तो अन्नपाणी सोडतो.

गेल्या पावसाळ्यात अशी वेळ आली, तेव्हा बोलावलेल्या खासगी गाडीतील दोघांनी त्याच्याशी एक शब्दही न बोलता त्याचे हात दोरीने बांधले, शेवाळलेल्या पाखाडीवरून, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेवरून, त्याला तसेच खाली उतरवले आणि स्ट्रेचरवर पालथे घालून पट्टे आवळले. त्याने कोणावर हात उगारला नव्हता. तो पडवीच्या कोपऱ्यात घाबरून बसला होता. सारी वाडी अंगणात उभी राहून हे पाहत होती. आता त्याची प्रकृती चांगली आहे, परंतु रुग्णवाहिकेचे नाव काढले तरी तो थरथरतो आणि पुढच्या वेळी त्रास सुरू झाला तर तो आमच्यापासून लपवेल, अशी मला भीती आहे. असे बांधणे कायद्याला मान्य आहे का? गाडीतच इंजेक्शन देता येते का? आणि जिथे दारापर्यंत गाडी येत नाही, तिथे माणसाला सन्मानाने खाली कसे न्यावे?

पांढरा समुद्र :

ताई, मी रुग्णवाहिकेवर डॉक्टर म्हणून काम केले आहे. आपण सांगितलेल्या गोष्टींपैकी पालथे घालणे ही सर्वांत धोक्याची आहे, कारण घाबरलेल्या, धडपडणाऱ्या माणसाला पालथे दाबून धरले तर छाती फुलत नाही आणि श्वास कोंडून मृत्यूही ओढवू शकतो. बंधन खरोखर अटळ असेल, तर रुंद मऊ पट्टे वापरावेत, रुग्णाला उताणे किंवा कुशीवर ठेवावे, छातीवर भार देऊ नये, बोटांचा रंग व श्वास सतत पाहावा आणि तो शांत होताच पट्टे सोडावेत.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याच्या कलम २१ नुसार शारीरिक आजाराच्या रुग्णाला ज्या रीतीची व दर्जाची रुग्णवाहिका सेवा मिळते, तीच मानसिक आजाराच्या रुग्णाला मिळण्याचा हक्क आहे. तत्काळ इजा टाळण्याचा दुसरा उपाय नसेल तरच आणि जरूर तेवढाच वेळ बंधन घालावे, शिक्षा म्हणून किंवा माणसे अपुरी आहेत म्हणून घालू नये, असे कलम ९७ सांगते. ते मनोरुग्णालयांना उद्देशून असले, तरी गाडीत त्याहून कमी काळजी घेण्याचे मला कोणतेही कारण दिसत नाही. जिवाला किंवा इतरांना गंभीर धोका असेल, तर कलम ९४ प्रमाणे नोंदणीकृत डॉक्टर घरीही तातडीचा उपचार करू शकतात. रुग्णाचा नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयांत त्याच्या वतीने बोलण्यासाठी नेमलेली व्यक्ती, उपलब्ध असल्यास त्याची संमती घ्यावी लागते आणि हा उपचार जास्तीत जास्त ७२ तासांपुरताच असतो. म्हणून इंजेक्शन देता येते, मात्र त्यानंतर रुग्णालय येईपर्यंत श्वास, रक्तदाब आणि ऑक्सिजन पाहणारी व्यक्ती शेजारी बसलेली हवी.

इंजेक्शनआधी रक्तातील साखर व ताप तपासण्याचा आग्रह आपण अवश्य धरावा. अन्नपाणी सोडलेल्या माणसाची साखर उतरली, तर त्या गोंधळालाही लोक वेड समजतात.

गाडी बोलावताना आजाराचे नाव, चालू गोळ्या आणि तो कोणावर धावून जात नाही हे स्पष्ट सांगावे आणि सायरन वाडीच्या आधीच बंद करण्याची विनंती करावी. आपल्या राज्यात १०८ च्या गाडीवर डॉक्टर असतात. बोलणारा एकच असावा. विषाच्या शंकेवर वाद घालू नये आणि होकारही देऊ नये. ‘तुम्हाला भीती वाटते आहे, हे मला कळते’ एवढे पुरते. रक्तदाबाची पट्टी बांधण्यापूर्वीही आता काय करणार आहोत ते त्याला सांगावे. पाखाडीवर तो चालायला तयार असेल, तर हात मोकळे ठेवून, एक माणूस पुढे व एक मागे, असे उतरावे. हात बांधलेला माणूस घसरला, तर स्वतःला सावरूच शकत नाही.

खाडीकाठ :

मनापासून आभार, डॉक्टर. प्रतिनिधी म्हणून माझे नाव त्याने स्वतः द्यायचे असते का आणि त्यासाठी न्यायालयात जावे लागते का?

पांढरा समुद्र :

न्यायालयात जावे लागत नाही. तो आता बरा आहे, म्हणून हे आताच करावे. त्याने साध्या कागदावर प्रतिनिधी म्हणून बहिणीचे, म्हणजे आपले, नाव लिहून सही किंवा अंगठा द्यावा. पुढे त्याला ते बदलताही येते. तो कागद आणि गोळ्यांची चिठ्ठी एकत्र ठेवावी. गाडीत कोणी सोबत बसावे, हेही त्यालाच विचारावे. गोळ्या सुटल्याचे लक्षात आल्यास त्याच दिवशी टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे. ती सेवा २४ तास विनामूल्य आहे.