दिवसभर घर बंद असेल तर रॉटवायलर आणू नका

इंदिरानगरवाली
नाशिकला आमच्या सोसायटीत रॉटवायलरचं दुसरं पिल्लू आलंय आणि दोन्ही घरची माणसं सकाळी अंबडला कामाला जातात ती रात्रीच परत, म्हणून धागा काढतेय. माझं मत सरळ आहे, दिवसा घरी कोणी नसेल तर हा कुत्रा आणू नये. कुत्रा वाईट आहे असं अजिबात नाही. जर्मनीतल्या रॉटवाइल गावचा हा, गुरं हाकायची, खाटकांच्या गाड्या ओढायच्या, पुढे १९१० मध्ये पोलिसांच्या कामालाही घेतला. म्हणजे पिढ्यानपिढ्या माणसाबरोबर राबलेलं जनावर, आणि वाढलेला नर ५०-६० किलो भरतो. त्याला टू बीएचकेच्या बाल्कनीत कोंडलं तर तो सोफा फाडणार, दारावर धडका मारणार आणि मग लोक म्हणणार ही जातच खुनशी.

पाथर्डीफाटा_रॉटी
ताई, बंद घराचं पटलं, पण फ्लॅटला बोल लावू नका. आमची मादी चौथ्या मजल्यावर टू बीएचकेतच मोठी झाली. हा कुत्रा मोठा झाला की घरात बराच वेळ नुसता लोळतो, त्याला अंगणापेक्षा माणूस जास्त लागतो. उजाडायच्या आत फिरवून आणायचं, कारण अंगावर काळा दाट कोट आणि एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे सकाळीच डांबर तापायला लागतं. संध्याकाळी डॉगफूडचे दाणे जुन्या टॉवेलात गुंडाळून घरात लपवायचे आणि शोधायला लावायचे, थोडा वेळ नाक चाललं की गडी शांत.
आणि ही जात ओळखायची तर आधी तिचं रेलणं ओळखा. येऊन मांडीला टेकते आणि सगळा भार टाकते, गुरं अंगाने रेटायचं काम रक्तातच आहे. दुसरं म्हणजे कानामागे खाजवलं की घशातून घुर्रर्र आवाज काढते, आमचे वॉचमनकाका पहिल्यांदा ऐकून खुर्चीवरून उठलेच होते. अंग सैल, डोळे अर्धे मिटलेले असतील तर ते लाड. अंग ताठ, तोंड बंद, नजर रोखलेली असेल तर तो इशारा, तिथेच थांबायचं. हा फरक घरातल्या प्रत्येकाला कळायलाच पाहिजे.

दोन_लेकरांची_आई
रेलते म्हणे! माझा पाच वर्षांचा मुलगा जिन्यात असताना रेलली तर? मला कुत्र्यांचा राग नाही हो, पण लिफ्टचं दार उघडलं की समोर ते धूड, पट्टा कॉलेजच्या पोराच्या एका हातात, दुसऱ्या हातात मोबाईल, आणि वर "काकू, काही करत नाही तो". काही करत नाही हे मुलाला कसं कळणार? २०२४ मध्ये सरकारने बंदी आणली होती ना, तिचं काय झालं?

कोर्टकचेरी
केंद्राची बंदी आज नाही. मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने २३ जातींबद्दल राज्यांना पत्र पाठवलं होतं, त्यात रॉटवायलर होता, पण एप्रिलमध्ये कर्नाटक हायकोर्टाने ते रद्द केलं. सोसायटीलाही सरसकट कुत्राबंदी करता येत नाही. पण म्हणून मालक मोकळा सुटत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ बघा, जनावर आवरण्यात हयगय केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. सोसायटीला लेखी कळवा, तोंडी भांडणाचा उपयोग नाही.

मळेवाला
मखमलाबादकडून लिहितोय. "बंगला नाहीतर मळा असेल तरच घ्या" हे जो तो सांगतो ना, त्याने डोकं फिरतं. आमच्या शेजारच्या द्राक्षबागेत एक रॉटवायलर आहे, दिवसभर साखळीला, रात्री मोकळा. माणसात राहिलाच नाही त्यामुळे रोज भाकर टाकणाऱ्या गड्यालाही जवळ येऊ देत नाही. दोन एकर जागा असून काय उपयोग? त्यापेक्षा फ्लॅटमधला बरा. आणि राखणच करायचीय तर गावठी घ्या की राव, उन्हाला टिकतं, खर्च कमी, बिबट्याची चाहूल लागली की आख्खी वस्ती जागी करतं.

इंदिरानगरवाली
मळेवाले दादा, साखळीचं शंभर टक्के पटलं. पण पाथर्डीफाटा यांच्यासारखं पहाटे उठणारे किती? मी तरी आमच्याकडे पिल्लाला जिन्याने पळवणारेच बघते, हाडं कच्ची असताना. या जातीला खुब्याचा त्रास आधीच फार, आयुष्य साधारण नऊ-दहा वर्षं, आणि म्हातारपणी मागचे पाय गेले तर एवढं ओझं चौथ्या मजल्यावरून कोण उतरवणार? लिफ्ट बंद पडली तर?

पाथर्डीफाटा_रॉटी
तो प्रश्न रास्त आहे, आम्ही तळमजल्यावर घर बघतोय ते त्यासाठीच. लेकरांच्या आईंना सांगतो, आत कोणी असेल तर आम्ही लिफ्ट सोडून देतो, पट्टा फक्त मी किंवा बायको धरते, मुलाच्या हातात कधीच नाही. ज्यांना पिल्लू घ्यायचंय त्यांनी त्याची आई दाखवा म्हणून सांगा, आईबापांच्या खुब्याचे एक्सरे मागा, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकणं नियमातच बसत नाही. टाळाटाळ करत असेल तर उठून या. आणि त्याआधी एखाद्या मोठ्या रॉटवायलरबरोबर तासभर बसून बघा, आमच्याकडे रविवारी सकाळी कोणीही या, फक्त फोन करून या.

दोन_लेकरांची_आई
रविवारी मुलाला घेऊन येते. पण पट्टा लावलेला हवा.