मदत हवी आहे: ओहोळाची तब्येत कशी तपासायची?

करटोली

नमस्कार मंडळी,

मी गोरेगाव पूर्वेला राहते. आरेतल्या एका पाड्यावरून दर रविवारी भाजी आणते, आठ-नऊ वर्षं झाली. वाडीच्या कडेने एक ओहोळ जातो, उडी मारून ओलांडता येईल एवढाच. जूनमध्ये सुरू होतो आणि जानेवारीपर्यंत रडतखडत वाहतो. वरच्या अंगाला तबेला, मग भाताची दोन खाचरं, मग भाजीचे वाफे.

वाडीतल्या आजी म्हणतात, "आधी दगड उचलला की खेकडा. आता दगड उचलला की नुसता चिखल."

मी शहाणपणा केला. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत नमुना भरून एका खासगी लॅबमध्ये दिला. १८०० रुपये गेले. पीएच ७.४, विरघळलेला ऑक्सिजन ६.८, सगळं मर्यादेत. नमुना कुठला, किती वाजताचा, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. आजींना रिपोर्ट वाचून दाखवला, तर म्हणाल्या, "बाय, तू पाणी भरलंस दुपारी बाराला. तबेला धुतात पहाटे. तुझ्या बारापर्यंत ते पाणी पार खाली गेलं."

आता मला त्या बाटलीतल्या पाण्याचं नाही, ओहोळाचं कळून घ्यायचंय. घरच्या घरी, फार खर्च न करता काय करता येईल? आणि बिघाड असेल तर तो शेणाचा, फवारणीचा की मातीचा, हे वेगळं काढता येतं का?

पाणवठा

आजींना माझा नमस्कार सांगा. ऑक्सिजनचा आकडा तर विसराच. तो काठावरच मोजायचा असतो किंवा तिथल्या तिथे रसायन घालून 'बांधून' न्यायचा असतो. बाटली हिंदकळली की हवा मिसळते. शिवाय दुपारी शेवाळ ऑक्सिजन सोडत असतं, म्हणून आकडा फुगतो. सगळ्यात कमी भरतो तो सूर्य उगवायच्या आधी. माशांच्या वाढीसाठी लिटरला किमान ४ मिलिग्रॅम लागतो, तो तुमच्या ओहोळात पहाटे पाचला आहे का, ते बघा.

खरी तपासणी दगडाखाली आहे. तिथले किडे महिनोन्महिने त्याच पाण्यात काढतात, पहाटेचं धुणंही त्यांच्या अंगावरूनच जातं. बारीक जाळी प्रवाहाच्या खालच्या बाजूला उभी धरा, समोरचे दगड पायाने ढवळा, एकूण तीन मिनिटं. थोडं खळखळत्या पाण्यात, थोडं डोहात, थोडं काठच्या गवतात. मग सगळं पांढऱ्या ट्रेमध्ये ओता आणि पाच मिनिटं गप्प बसा. सुरुवातीला कचराच दिसतो, मग कचरा चालायला लागतो.

चपटी, दगडाला चिकटून राहणारी, तीन शेपट्यांची मेफ्लाय या उडणाऱ्या किड्याची पिल्लं किंवा वाळूचे कण चिकटवून नळी करून राहणाऱ्या अळ्या दिसल्या, तर आनंद माना. नुसत्या लालभडक अळ्या आणि गांडुळासारखे बारीक किडे असतील, तर शेण-सांडपाणी समजा. त्या लाल अळ्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून ऑक्सिजन कमी असला तरी त्या तगतात. एक फसगत टाळा: शेपटीशी पानासारख्या तीन पट्ट्या असतील तर ते टाचणीचं, म्हणजे चतुरासारख्या बारीक उडत्या किड्याचं पिल्लू. मेफ्लायचे कल्ले पोटाच्या दोन्ही कडांना असतात.

ब्रिटनमधल्या बीएमडब्ल्यूपी नावाच्या पद्धतीत अशा किड्यांच्या प्रत्येक कुळाला १ ते १० गुण देतात, घाण न सोसणाऱ्याला जास्त. गुणांची बेरीज भागिले कुळांची संख्या, असा सरासरी गुण काढतात. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही त्याच धर्तीवर भारतासाठी पद्धत बसवली आहे. पण तुम्हाला आकड्यापेक्षा तुलना उपयोगी पडेल. तीन जागा घ्या: तबेल्याच्या वर, तबेल्याच्या खाली, वाफ्यांच्या खाली. एकाच दिवशी. बिघाड कुठून सुरू होतो तेच तुमचं उत्तर.

फवारणीची खूण वेगळी. पायरेथ्रॉइड जातीची कीटकनाशकं झिंगे-खेकड्यांना आणि किड्यांना आधी मारतात, गोगलगायी आणि गांडुळं बऱ्याचदा उरतात. मातीचं म्हणाल तर दगड उपटून बघा. निम्मा गाळात रुतलेला असेल तर खालच्या फटी बुजल्या, राहायला जागाच नाही.

मोठा पाऊस झाल्यावर दोन-तीन आठवडे थांबा, पुरात किडे वाहून जातात. ऑक्टोबर उत्तम. आणि बघून झालं की सगळे जिथल्या तिथे सोडा.

बोरिवलीकर

गमबूट घालूनच उतरा. गुरांच्या मुतातून लेप्टो होतो, पायाला साधी चीर असली तरी पुरते. हे मी उपदेश म्हणून सांगत नाही, घरात एकाला होऊन गेलाय.

भंडारवाडा

जानेवारीत आटणाऱ्या ओहोळाची कसली तब्येत? आणि खेकडे कमी व्हायला पहिल्या पावसातली आपली रश्श्याची हौसही कारण आहे, सगळं तबेल्याच्या माथी का?

पाणवठा

आटणं हा आजार नाही. इथल्या डोंगरउतारावरचे छोटे ओहोळ आटतातच, त्यातले जीव त्याच वेळापत्रकावर जगतात. पूर्वी मार्चपर्यंत वाहायचा आणि आता जानेवारीत थांबतो, असं असेल तर मात्र वर कुणी पंप लावलाय का ते बघा. रश्श्याचं मान्य.

करटोली

काल सकाळी सहाला जाऊन आले. गमबूट घातले होते. तबेल्याच्या वर: चपटी मेफ्लाय सात, वाळूच्या नळ्या तीन. तबेल्याच्या खाली: लाल अळ्या मोजायचं सोडून दिलं. वाफ्यांच्या खाली जरा बरं, टाचणीची पिल्लं आणि गोगलगायी, पण दगड पार रुतलेले. आजी ट्रेमध्ये वाकून बघत होत्या. वरच्या जागी खेकडे का नाहीत विचारलं, तर म्हणाल्या, "ते आम्ही खाल्ले."

मग आता एकच कोडं उरलंय. झिंगे तिन्ही जागी नाहीत, तबेल्याच्या वरही नाहीत, आणि तिथे तर कुणी फवारत नाही. ते खालून वर चढत असतात का? कारण खाली नाल्याच्या तोंडाशी सिमेंटचा बांध आहे, माझ्या छातीएवढा.