पेपर टाकण्याआधी (राजीनामा देण्याआधी) किती दिवस भरलेत ते बघितलंत का? अनुभव सांगा

तळ्याकाठी
काल भाचीचा फोन आला. "मामी, साडेचार वर्षं झाली, दुसरीकडून ऑफर आहे, उद्या पेपर टाकते." मला एकदम वडील आठवले. ते साखर कारखान्यात हंगामी होते. बॉयलर पेटला की कामावर, पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की घरी. हंगामी माणसालाही दर हंगामाला सात दिवसांच्या पगाराइतकी ग्रॅच्युइटी (नोकरी सुटताना सेवेच्या हिशोबाने मालकाने द्यायची रक्कम) मिळते, हे त्यांना शेवटी एका टाइमकीपरने सांगितलं, तोवर घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.
भाचीला म्हटलं, थांब. ग्रॅच्युइटीला पाच वर्षं लागतात, पण चार पूर्ण होऊन पाचव्यात २४० दिवस भरले तर ते वर्ष पूर्ण धरावं असा मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल आहे. काही कंपन्या तरी वाद घालतात. कुणाला असं मिळालंय का? नोकरी कधी सोडलीत, काय मिळालं, काय बुडालं, सगळं लिहा.

रातराणी
मला मिळाली, पण चार मेल करावे लागले. २४० हे सहा दिवसांच्या आठवड्याला. पाच दिवसांचा असेल तर १९०. नोटीस पिरियड काम करून भरला तर तोही सेवेत मोजतात, त्यामुळे तिला शेवटच्या दिवसाची तारीख बघायला सांगा.

चाकण एक्सप्रेस
पाच वर्षं कुठली, आमच्याकडे सात महिने झाले की ब्रेक. मग दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर तीच मशीन, तीच शिफ्ट, नवा गेटपास. माझ्या लाइनवरच्या एका पोराचं लग्न झालं, मुलगी शाळेत जायला लागली, कागदावर तो अजून नवीनच. शेजारी उभा असलेला परमनंट तेच काम करतो. ह्याचा फार राग येतो.

पिठलंभाकरी
कुकर लावलाय, पटकन लिहिते. माझा धाकटा दीर नोकरीला दोन वर्षं होत असताना अपघातात गेला. ऑफिसने जाऊबाईंना सांगितलं, पाच वर्षं नाहीत, काही बसत नाही. कर्मचारी गेला किंवा कायमचा अपंग झाला तर पाच वर्षांची अटच नसते! सहायक कामगार आयुक्तांकडे अर्ज केला, तेव्हा पैसे आले. रक्कम लहान होती. पण कडेवर बाळ घेऊन गेलेल्या बाईला दारातून परत पाठवलं, ते डोक्यातून जात नाही.

रातराणी
पिठलं, वाचून गलबललं गं. आता कशा आहेत त्या?

पिठलंभाकरी
अंगणवाडीत मदतनीस आहे. बाळ आता पहिलीत.

लालबागची
@चाकण, माझे आजोबा बदली कामगार. रोज सकाळी गिरणीच्या गेटवर उभं राहायचं, कुणी खाडा केला तर आत. ८२ च्या संपानंतर ते परत आत गेलेच नाहीत. माणसाला वर्षानुवर्षं बदली किंवा तात्पुरता ठेवून कायमपणाचे हक्क नाकारणं ही आपल्या राज्याच्या १९७१ च्या कायद्यात अनुचित प्रथा आहे. ठेकेदारामार्फत असाल तर खरा मालक कोण इथूनच भांडण सुरू होतं, म्हणून गेटपास, हजेरी, पगाराचे मेसेज, काही टाकू नका.

म्युनिकवाली
इथे जर्मनीत कंपनीला माणसाला काढायचं असेल तर जितकी वर्षं जास्त तितकी नोटीस मोठी. पाच वर्षांनंतर दोन महिने, दहानंतर चार, वीसनंतर सात. पुण्यात माझ्या भावाला दुपारी बोलावलं आणि संध्याकाळी लॅपटॉप काढून घेतला.

आमटीभात
लेकाने तीन वर्षांचा बाँड लिहून दिलाय. सोडता येतं का?

रातराणी
सोडता येतं, पण रक्कम मागू शकतात. विजया बँकेच्या खटल्यात २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख भरायची अट वैध धरली. प्रत्येक बाँडला ते लागू होईलच असं नाही, कागद वकिलाला दाखवा.

चाकण एक्सप्रेस
@लालबागची, धन्यवाद ताई. जुने गेटपास माळ्यावर आहेत बहुतेक, रविवारी काढतो. आमच्या रूमवरचा एक जण थेट कंपनीच्या मुदतीच्या करारावर आहे, त्याचं काय?

लालबागची
२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात. मुदतीच्या करारावरच्यांना एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी. राजीनामा दिला तरी राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा.

आमटीभात
ग्रॅच्युइटी काढतात कशी?

तळ्याकाठी
शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता (नव्या संहितांत बाकीचे भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असतील तर ती जास्तीची रक्कमही), त्याला २६ ने भागून १५ ने गुणायचं, मग वर्षांनी. २६,००० असेल तर वर्षाला १५,०००, पाच वर्षांचे ७५,०००. भाचीने नव्या कंपनीकडून जॉइनिंगची तारीख पुढे मागून घेतली, ते हो म्हणाले.

म्युनिकवाली
अरे वा! लालबागची, तुम्ही गणेश गल्लीच्या जवळच्या का? माझं माहेर तिथलं.

लालबागची
दोन गल्ल्या सोडून. व्यनि (खासगी निरोप) करते.