मदत हवी आहे : बाळंतपणानंतर पत्नीला ताकद येत नाही, बाळाचे पोट भरत नाही

यावलकर
पत्नीचे पहिलेच बाळंतपण फार अवघड झाले. आता ती घरी आहे, परंतु उठून बसली की तिला चक्कर येते. अंगावरचे दूध पुरत नाही आणि बाळ सारखे रडते. बाळंतिणीने पाणी प्यायले तर पोट सुटते असे आईचे म्हणणे असल्यामुळे ती फुलपात्राने मोजून पाणी देते. सासूबाई वरचे दूध सुरू करा म्हणतात. डब्याचे कोणते दूध चांगले, एवढेच कृपया लवकर सांगावे.

परिचारिका_चोपडा
भाऊ, डब्याचे नाव सांगण्याआधी काही गोष्टी कळणे आवश्यक आहे. प्रसूतीला किती दिवस झाले? ती साधी झाली, चिमटा लावून झाली की शस्त्रक्रियेने? रक्तस्राव किती झाला आणि घरी सोडताना हिमोग्लोबिन किती होते? बाळाचे जन्माच्या वेळचे आणि आताचे वजन किती, आणि ते चोवीस तासांत किती वेळा लघवी करते? ‘अवघड’ या एका शब्दावरून कोणालाही सल्ला देता येणार नाही.

भुसावळच्या_काकू
आमच्या घरातल्या सर्व बाळंतिणी आळीवाची खीर, डिंकाचे लाडू आणि बाळंतशोपा यांवरच उभ्या राहिल्या. सव्वा महिना खाटेखाली शेगडी ठेवा, कानाला वारा लागू देऊ नका, दूध आपोआप उतरेल.

अमळनेरचा_शेतकरी
काकू, आपला अनुभव मोठा आहे, परंतु मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४ अंशांवर जात असताना बंद खोलीत शेगडी पेटवणे मला धोक्याचे वाटते. कोळशाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, आणि तो विषारी वायू कोंडला तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकते. शिवाय उकाड्यामुळे एवढ्या लहान बाळाला ताप चढतो. खोली हवेशीर ठेवावी, बाळाला एकच सुती झबले पुरे.

भुसावळच्या_काकू
शेगडी थंडीच्या दिवसांत ठेवावी, असे म्हणते. खाण्याबाबत मात्र मी ठाम आहे.

धुळेकर
जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करून घ्यावी. नाव ठरले नसेल तरी नोंद होते, ते मागाहून घालता येते.

यावलकर
नोंद रुग्णालयातूनच झाली आहे. विचारलेली माहिती अशी : बाळाला आज बारावा दिवस आहे. कळा बराच वेळ चालल्या, शेवटी चिमटा लावावा लागला, टाके पुष्कळ आहेत. नंतर रक्तस्राव थांबत नसल्यामुळे रक्त द्यावे लागले. घरी सोडताना हिमोग्लोबिन ७.८ होते. लोहाच्या गोळ्यांनी मळमळते म्हणून ती त्या घेत नाही. बाळ जन्मले तेव्हा २ किलो ६०० ग्रॅम होते, काल आशाताईंनी २ किलो ४०० भरल्याचे सांगितले. लघवी तीन-चार वेळा होते. मधूनमधून आई त्याला साखरपाणी देते.

परिचारिका_चोपडा
भाऊ, आता आज उशीर करू नका. या वयाच्या बाळाने चोवीस तासांत निदान सहा वेळा लघवी करायला हवी आणि दोन आठवड्यांत जन्माचे वजन परत गाठायला हवे. आपले बाळ दोन्हींत मागे आहे, त्यामुळे आजच बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. साखरपाणी पूर्ण बंद करा. त्याने बाळाचे पोट भरल्यासारखे होते, ते कमी ओढते आणि आईचे दूध आणखी घटते. उन्हाळ्यातही सहा महिन्यांपर्यंत बाळाला वेगळे पाणी लागत नाही.

पत्नीची चक्कर ही ‘बाळंतिणीची अशक्तता’ म्हणून सोडून देण्यासारखी नाही. तिचे हिमोग्लोबिन आजच तपासून घ्या. गोळ्या सोसत नसतील तर शिरेतून लोह देता येते, फारच कमी असेल तर रक्त द्यायचे का ते डॉक्टर ठरवतील. मोठ्या रक्तस्रावानंतर दूध उशिरा उतरू शकते, त्यात तिचा काही दोष नाही. पाणी अजिबात मोजून देऊ नका. पाण्याने पोट सुटत नाही. पाणी कमी पडले तर शौचास खडा होतो आणि टाक्यांवर ताण येतो.

ताप, दुर्गंधी येणारा स्राव, तासाभरात पॅड भिजेल एवढे रक्त, तीव्र डोकेदुखी, धाप किंवा एका पोटरीला सूज, यांपैकी काहीही दिसले तर रात्र असली तरी १०८ वर फोन करा.

जळगाव_आई
माझ्या मुलाला पहिल्या महिन्यापासून डब्याचे दूध दिले, तो धडधाकट आहे. उगाच घाबरवू नये.

परिचारिका_चोपडा
ताई, बाळाला तपासून डॉक्टरांनी वरचे दूध सांगितले तर ते जरूर द्यावे, त्यात कमीपणा नाही. माझा आक्षेप बाळाला न दाखवता डबा आणण्याला आहे.

यावलकर
काल दोघांनाही दाखवले. पत्नीचे हिमोग्लोबिन ६.९ निघाले, तिला दाखल करून रक्त दिले. बाळाला दर दोन तासांनी अंगावर पाजायचे आणि तूर्त काही दिवस पिळून काढलेले दूध व थोडे वरचे दूध वाटी-चमच्याने द्यायचे, असे सांगितले आहे. तीन दिवसांनी पुन्हा वजन करायचे आहे. आईही सोबत होती. पाण्याबद्दल डॉक्टरांनी तिलाच समजावले. काकूंनी सुचवलेली आळीवाची खीर चालेल का?

परिचारिका_चोपडा
चालेल. फक्त खीर दुधातली असल्यामुळे लोहाचे औषध त्याच वेळी देऊ नये, दोन तासांचे अंतर ठेवावे. चहाच्या बाबतीतही तसेच करावे.