प्रतिसाद: एकूण आर्सेनिकच्या आकड्यावर जाऊ नका

वर एकांनी लिहिलंय की लघवीत एकूण आर्सेनिक जास्त आलं, म्हणजे पाणी दूषित असणारच. इतकी घाई नको. आदल्या दिवशी मासे किंवा कोळंबी खाल्ली असेल तरी आकडा कित्येक पटींनी चढतो. माशांत असतं आर्सेनोबीटेन, म्हणजे आर्सेनिकचं एक सेंद्रिय संयुग. ते शरीरात बदलत नाही, जसंच्या तसं बाहेर पडतं आणि जवळजवळ निरुपद्रवी आहे.

पाण्यातलं असेंद्रिय (कार्बनशी न जोडलेलं) आर्सेनिक वेगळं. यकृत त्याला मिथाइल गट (एक कार्बन, तीन हायड्रोजन) जोडतं आणि एमएमए (एक मिथाइल गट असलेलं संयुग), डीएमए (दोन गट असलेलं) तयार होतात. लघवीत त्यातलं साधारण ६० ते ८० टक्के डीएमए, उरलेलं एमएमए आणि न बदललेलं असेंद्रिय. म्हणून प्रयोगशाळेकडे 'स्पेसिएशन' (आर्सेनिकचा प्रत्येक प्रकार वेगळा मोजणं) मागा: एचपीएलसी या पद्धतीने संयुगं वेगळी करून आयसीपी-एमएस या यंत्राने मोजतात. मात्र समुद्री शेवाळातल्या आर्सेनोशर्करांपासूनही डीएमए बनतं (इथेच भलेभले फसतात), तेव्हा चाचणीआधी तीन-चार दिवस समुद्री अन्न बंद.

लघवी पातळ की घट्ट यावरही आकडा हलतो, त्यामुळे क्रिएटिनिनशी (स्नायूंतून लघवीत येणारा टाकाऊ पदार्थ) गुणोत्तर बघतात. आणि हे सगळं गेल्या काही दिवसांचंच चित्र. जुन्या संपर्कासाठी नखं किंवा केस तपासावे लागतात.