भाड्याच्या घरातलं सामान पाण्यात गेलं तर? विमा कोणता घेऊ, सांगा जी

आरोग्यसेविका, लाखांदूर तालुका
नमस्कार. मी उपकेंद्रात एएनएम आहे. गावातच दोन खोल्या भाड्याने घेतल्या आहेत. मी, सासूबाई अन् सहावीतली मुलगी. वैनगंगा घरापासून दीड किलोमीटर.

मागच्या जुलैत रात्री अडीचला मुलीने उठवलं, "आई, घरात पाऊस पडतोय." बाहेर पाऊस नव्हताच. छतावरच्या टाकीच्या पाइपचा एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, तुटला होता अन् हजार लिटरची टाकी जिन्यावरून आमच्या खोलीत रिकामी होत होती. दिवाणातल्या गाद्या इतक्या जड झाल्या की दोघींना उचलेनात. फ्रिज बंद पडला. सासूबाईंनी मुलीच्या बारशाला शिवलेली गोधडी पिळली तर लाल पाणी निघत राहिलं, तिच्या लाल काठाचा रंग सगळ्या ठिगळांवर पसरला. ती अजून घरात आहे, टाकवत नाही.

घरमालक काका भले आहेत, सकाळीच पाइप बदलून दिला. सामानाचं विचारलं तर म्हणाले, "माझा विमा घराचा आहे बाई, तुमच्या सामानाचा नाही."

त्यात नदीची भीती वेगळीच. ऑगस्ट 2020 च्या शेवटी आलेल्या पुराची रेघ मागच्या भिंतीवर अजून दिसते, माझ्या कमरेएवढी. मी तेव्हा इथे नव्हते.

आमचं सगळं सामान दीड लाखाच्या आसपास. भाडेकरूला विमा मिळतो का? टाकी अन् पूर दोन्ही एकात येतात का? सासूबाई शिलाई मशीनवर गावातल्या बायांचे ब्लाउज शिवतात, ती मशीनही धरता येईल का? एजंट रोज फोन करतो, पण नीट समजल्याशिवाय मला सही करायची नाही.

निवृत्त सर्व्हेअर, नागपूर
ताई, सही थांबवली ते बरं केलं. विम्याच्या दाव्यांतलं नुकसान तपासायचं काम मी करायचो. एजंटला एकच सांगा, "भारत गृह रक्षा, फक्त सामानाची." ही विमा नियामकाने ठरवून दिलेली पॉलिसी आहे, 1 एप्रिल 2021 पासून घरांचा विमा विकणाऱ्या सगळ्या साधारण विमा (जनरल इन्शुरन्स) कंपन्यांना ती द्यावीच लागते. मूळ मजकूर सगळीकडे सारखा. भाडेकरूला इमारत सोडून नुसत्या सामानाची घेता येते.

पूर, वादळ, वीज यांच्यासोबत पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं, ओसंडणं हेही मूळ पॉलिसीतच आहे. म्हणजे तुमची ती रात्र त्यात बसली असती. रक्कम लिहिताना फ्रिज आज नवा घ्यायला किती लागेल ते लिहा, जुन्याची किंमत नको. रोख रक्कम धरत नाहीत, दागिन्यांसाठी वेगळं कव्हर जोडावं लागतं.

मशीनवर पैसे घेऊन काम होत असेल तर ते एजंटला आधीच लेखी कळवा. धंद्याच्या वस्तू घरगुती सामानात दाखवल्या की दाव्याच्या वेळी वाद होतो. छोट्या धंद्यासाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा ही वेगळी पॉलिसी आहे.

गुरुजी, अर्जुनी मोरगाव
सर्व्हेअर साहेबांनी पाइप फुटण्याचं सांगितलं, त्याला माझा अनुभव जोडतो. माझ्या भाड्याच्या घरात भिंत दोन पावसाळे ओलावत होती. कपाटाची मागची बाजू फुगली, मुलांची पुस्तकं बुरशीने काळी झाली. दावा नामंजूर झाला. हळूहळू झिरपलेलं पाणी म्हणजे देखभालीचा प्रश्न, अपघात नाही, असं पत्र आलं. मला फार लागलं ते, पण पॉलिसी पुन्हा वाचली तर तसंच लिहिलेलं होतं. ताई, भिंतीला ओल दिसली की घरमालकाला त्याच दिवशी व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवा, तोंडी सांगून ठेवू नका.

पवनीकर
2020 ला आमचं घर पाण्यात होतं. आमच्याकडे तेव्हा पाऊस तसा नव्हताच, मध्य प्रदेशातल्या संजय सरोवर धरणाचं पाणी सोडलं अन् नदी चढत गेली. म्हणून "आभाळ भरलं की विमा काढू" असं करू नका ताई. पाणी दारात आल्यावर कोणी विमा देत नाही. मे महिन्यातच काढा.

सरकारी मदतीवर विसंबायचं म्हणाल, तर 2022 पासूनच्या केंद्राच्या निकषांत दोन दिवसांहून जास्त घर बुडालं तर कपड्यांचे 2,500 अन् भांड्यांचे 2,500 रुपये कुटुंबामागे. त्यात दिवाणही येत नाही. पण पंचनामा मात्र करून घ्याच, त्याची प्रत विम्याच्या दाव्यालाही लावता येते.

आरोग्यसेविका, लाखांदूर तालुका
सगळ्यांचे मनापासून आभार. सर्व्हेअर काका, एक राहिलं. समजा पुन्हा पाइप फुटला, तर पहिल्या तासात काय करू?

निवृत्त सर्व्हेअर, नागपूर
कॉक बंद करा, मेन स्विच पाडा. मग काहीही हलवायच्या आधी फोटो अन् व्हिडिओ, पाणी कुठून येतंय ते दिसेल असा. कंपनीला फोन करून दाव्याचा क्रमांक लिहून घ्या. गाद्या वाळवायला हरकत नाही, पण सर्व्हेअर येईपर्यंत काहीच फेकू नका. आणि तुटलेला एल्बो प्लंबरला नेऊ देऊ नका. पाइप एकदम तुटला की जुना गळत होता, हे तो तुकडाच दाखवतो. मी कितीतरी दाव्यांत तो मागितला अन् लोकांकडे नसायचा.

कंपनीने नाहक अडवलं तर विमा नियामकाचा 155255 हा टोल फ्री नंबर आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

आरोग्यसेविका, लाखांदूर तालुका
आज एजंटला घरी बोलावलं. टाकी अन् पाइपची ओळ कुठे आहे ते बोट ठेवून दाखवा म्हटलं. दाखवली, मी तिच्याखाली पेनने रेघ मारली. नुसत्या सामानाची घेतली, दीड लाखाची, मशीनचं वेगळ्या कागदावर लिहून दिलं अन् त्याची पोच घेतली. मुलीने वहीत सामानाची यादी केली आहे, फ्रिजपासून पोळपाटापर्यंत. गोधडीपुढे किंमत काय लिहू विचारत होती, ती ओळ कोरी ठेवायला सांगितली.