विषय: घरासमोरचे ज्युनिपर – छाटू की उपटू?

नमस्कार मंडळी,
आमच्या असोसिएशनचं पत्र आलंय, पंधरा दिवसांत घरापुढचे झाडांचे वाफे नीट करा म्हणून. जुन्या मालकांनी लावलेली ज्युनिपरची पाच सदाहरित झुडपं खिडकीच्या वर गेलीत, पोस्टमन पत्रपेटीपर्यंत तिरका चालत येतो. कमरेइतकी छाटून टाकते, मग पुढची चार वर्षं बघायलाच नको. ट्रिमर अजून सतीशकडेच का?
– माधुरी

ट्रिमर मी दसऱ्यालाच हॉलच्या कपाटात ठेवला. किल्लीचं मला विचारू नये.
– सतीश

माधुरी, छाटू नका. पानं बाजूला करून आत बघा, सगळं जुन्या केरसुणीसारखं वाळलेलं दिसेल. ज्युनिपर त्या लाकडावर पुन्हा फुटत नाही, तिथवर कापलंत की तसाच भुंडा राहतो. उपटाच. खणायच्या तीनचार दिवस आधी ८११ या खोदकामाआधी कळवायच्या नंबरला फोन करा. गॅस, केबलच्या लाइनी फुकटात आखून देतात.
– श्रीकांत

असं सरसकट सांगू नये. आमचे मार्चमध्ये गुडघ्याइतके कापले, जूनमध्ये हिरवेगार.
– सुनीता

सुनीताताई, तुमच्याकडे ज्युनिपर नाही, यू (yew) नावाचं वेगळं झुडूप आहे. चपट्या मऊ सुया, लाल फळं. ते जुन्या लाकडावरही फुटतं. (बिया विषारी असतात, नातवंडं सांभाळा.) ज्युनिपरची फांदी चुरगळली की जिनचा वास येतो. मंडळातल्या काहींना तो समजावून सांगायला नको.
– श्रीकांत

बरं, यू तर यू. मग तिथे लाल पानांची जपानी बारबेरी लावा, छान दिसते. आणि खाली काळं कापड घाला म्हणजे तण येत नाही.
– सुनीता

बारबेरी? आपल्या पेनसिल्व्हेनिया राज्याने २०२१ मध्येच निषिद्ध यादीत घातलीय, तिच्या जाळीत गोचिडी पोसतात. आणि कापड तर अजिबात नको! आम्ही घातलं होतं. वरचा मल्च (लाकडाच्या सालींचा थर) कुजून माती झाली, गवत त्यातच उगवलं, मुळं कापडात विणली गेली. मागच्या उन्हाळ्यात मी आणि हे दोन शनिवार ते टरकावत होतो. त्यापेक्षा खोक्यांचे पुठ्ठे टेप काढून भिजवून पसरा, वर तीन इंच मल्च, बुंध्याला न टेकवता. एका क्युबिक यार्डात शंभरेक चौरस फूट होतात. इंकबेरी, कॅटमिंट लावा, हरणं सहसा तोंड लावत नाहीत. होस्टा लावलात तर त्यांची पंगत बसेल. मल्च एकत्र मागवू या का?
– उमा

एकत्र ऑर्डर दर एप्रिलला मी काढते, हे जुन्या सभासदांना ठाऊक आहे. गेल्या वर्षीच्या दोन यार्डांचे पैसे अजून यायचेत. ज्यांचे आहेत त्यांना कळेल.
– वैशाली

ही लिस्ट पाडव्याच्या निरोपांसाठी आहे. श्रीखंडाचा आकडा उद्यापर्यंत हवाय.
– सचिव

आत्ताच फांदी चुरगळून आले. जिनच! उपटते. ट्रिमर नको, पण पहार कोणाकडे आहे? श्रीखंड चार.
– माधुरी

पहारही त्याच कपाटात आहे.
– सतीश